कॅमेऱ्याची बॅटरी : आधीं निदान, मग औषध

(नभोवाणीवरील भाषण)

औरंगपुरा हा छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहराचा, गजबजलेला भाग. गुलमंडी हांकेच्या अंतरावर, एका बाजूस भाजीमंडई, दुसरीकडे सरस्वती भुवन संस्थेचें आवार, आणि मधल्या रस्त्यांवर वह्यापुस्तकांचीं दुकानें. अशा ठिकाणचें एक घर डोळ्यांसमोर आणावें. दूरदेशीं राहणारी लेक बऱ्याच वर्षांनीं माहेरीं आली आहे आणि उद्यां पहांटे सारीं माणसें अजिंठ्याला निघणार आहेत. घरांतील आजींचें वय ऐंशीच्या पुढें गेलें आहे. लेण्यांच्या पायऱ्या त्या पुन्हां कधीं चढतील, याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. तेव्हां या खेपेस छायाचित्रें चांगलीं निघालींच पाहिजेत, असें सर्वांच्या मनांत आहे. कपाटांतून कॅमेरा बाहेर काढला जातो, बटण दाबलें जातें, आणि कांहींच होत नाहीं. बॅटरी काढून चार्जरवर लावावी, तों चार्जरचा दिवा भराभर मिचकावूं लागतो आणि बॅटरी भरण्याचें चिन्ह दिसत नाहीं. "आबा, कॅमेरा मेला!" असें नात जाहीर करते. दुकानें बंद व्हावयास तास-दीड तास उरलेला, आणि घरांत वाद सुरू होतो कीं नवी बॅटरी घ्यावी, नवा चार्जर घ्यावा, कीं नवा कॅमेराच घ्यावा.

हा प्रसंग कोणत्याहि शहरांत घडण्याजोगा आहे, आणि त्यांत होणारी चूकहि सर्वत्र एकच असते. ताप आल्याबरोबर नाडी न दाखवितां औषधाच्या दुकानाकडे धांवणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाहीं. पण कॅमेरा बंद पडला कीं चांगलीं समंजस माणसेंहि नेमकें तेंच करतात. वास्तविक, वीज ही भिंतींतून निघून कॅमेऱ्याच्या अंतरंगापर्यंत टप्प्याटप्प्यानें पोंचत असते. प्रथम भिंतींतील सॉकेट, मग चार्जर, मग चार्जर व बॅटरी यांचे एकमेकांस टेकणारे धातूचे बिंदु, मग खुद्द बॅटरी, मग बॅटरी व कॅमेरा यांमधील तसेच बिंदु, आणि अखेरीस कॅमेरा. या साखळीची कोणतीहि कडी निसटली तरी बाहेरून दिसणारें लक्षण एकच : कॅमेरा चालत नाहीं. म्हणून साखळीच्या एका टोकापासून निघावें आणि एकेक कडी तपाशीत दुसऱ्या टोकास जावें, हाच निदानाचा खरा मार्ग होय.

ज्या लेण्यांकडे हें कुटुंब निघालें आहे, तेथें छायाचित्र घेणाऱ्यास एके काळीं ही अडचण नव्हती. त्याच्या अडचणी निराळ्या होत्या. मद्रासच्या लष्करांतील अधिकारी रॉबर्ट गिल हा १८४४ मध्यें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठीं नेमला गेला. पुढें त्यानें कॅमेराहि हातीं घेतला, आणि त्याचीं छायाचित्रें जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्या काळच्या कॅमेऱ्यास ऊन, काच आणि रसायनें लागत. वीज लागत नसे. डिजिटल कॅमेऱ्याची गोष्ट जन्मापासूनच वेगळी आहे. अमेरिकेंत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें १९७५ मध्यें जो डिजिटल कॅमेरा जुळविला, त्याचें वजन साडेतीन किलोहून अधिक होतें, एक चित्र कॅसेटवर नोंदण्यास २३ सेकंद लागत, आणि तो चालविण्यासाठीं निकेल-कॅडमियम जातीचे १६ सेल बसवावे लागले होते. प्रकाश टिपणें, तो अंकांत मांडणें, कार्डावर लिहिणें आणि पडद्यावर दाखविणें हीं सारीं कामें विजेचीं. तीच नसेल तर उत्तमांतलें उत्तम भिंगहि निरुपयोगी.

हल्लींच्या कॅमेऱ्यांत बहुधा लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. सोनी कंपनीनें ती १९९१ मध्यें प्रथम बाजारांत आणली. आणि तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या पोटांत एका बाजूस ग्राफाइट व दुसऱ्या बाजूस धातूचें ऑक्साइड असतें. बॅटरी भरतांना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. ती वापरतांना ते परत फिरतात. अशा एका सेलचा दाब सामान्यतः ३.६ किंवा ३.७ व्होल्ट असून पूर्ण भरल्यावर तो ४.२ च्या सुमारास जातो. लहान कॅमेऱ्यांत बहुधा एक सेल असतो. मोठ्यांत दोन सेल एकापुढें एक जोडलेले असतात, म्हणून त्यांच्या वेष्टनावर ७.२ किंवा ७.४ हा आंकडा दिसतो. याशिवाय बॅटरीच्या आंत एक इवलेंसें राखणदार सर्किट बसविलेलें असतें. बॅटरी वाजवीपेक्षां अधिक भरूं लागली, फार रिकामी झाली, किंवा तिचीं टोकें एकमेकांस भिडलीं, तर हा राखणदार दार लावून घेतो. घरोघर 'मेलेली' म्हणून बाजूस टाकलेली बॅटरी कैक वेळां मेलेली नसते. आंतून दार लागलेलें असतें, इतकेंच.

आतां पुन्हां औरंगपुऱ्यांतील घराकडे वळावें. आबा अनुभवी गृहस्थ आहेत. ते वाद थांबवितात आणि पहिल्या कडीपासून आरंभ करतात. चार्जर ज्या सॉकेटमध्यें लावला आहे, त्यांत प्रथम ते टेबलावरील दिवा लावून पाहतात. प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण सैल झालेलें सॉकेट आणि अर्धवट बसलेली पिन हीं या बाबतींत नेहमींचींच कारणें आहेत. चार्जरला वेगळी वायर असेल तर तिचें दुसरें टोक चार्जरमध्यें पक्कें बसलें आहे कीं नाहीं, हेंहि चांचपून पाहावें. लेक परदेशांतून चार्जर घेऊन आली असली, तर त्याच्या पाठीवरील बारीक अक्षरें वाचावीं. तेथें १०० ते २४० व्होल्ट असें छापलेलें असल्यास आपल्याकडील २३० व्होल्ट विजेवर तो निर्धास्त चालतो. पिनेचा आकार बदलणारा जोड तेवढा लागतो.

दुसरी कडी धातूच्या बिंदूंची. बॅटरीच्या अंगावर दोन नव्हे, तीन-चार चपटे बिंदु दिसतात. दोन विजेचे, उरलेल्यांपैकीं एखादा बॅटरीचें तापमान सांगतो, तर एखादा तिची ओळख व शिल्लक कॅमेऱ्यास कळवितो. घामट बोटांचा ओशटपणा किंवा मराठवाड्याची बारीक धूळ यांपैकीं एकावर बसली, तर वीज पुरेशी असूनहि चार्जरला तापमान कळत नाहीं आणि तो भरण्याचें नाकारतो. कोरड्या, स्वच्छ सुती कापडानें हे बिंदु पुसावेत. डाग हट्टी असेल तर पेन्सिलीच्या मऊ रबरानें हलकेंच घांसून रबराचा चुरा झटकून टाकावा. कानशीनें किंवा पॉलिश-कागदानें घांसणें हा मात्र अविचार होय. त्यानें वरील सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि दोष कायमचा होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे चार्जरच्या दिव्याची भाषा. ही प्रत्येक कंपनीची निराळी असते, म्हणून माहितीपुस्तिका टाकून देऊं नये. तथापि दिवा नेहमींपेक्षां भराभर मिचकावूं लागला, तर बहुधा दोहोंपैकीं एक अर्थ असतो : बॅटरींत अगर तिच्या स्पर्शांत कांहीं दोष आहे, किंवा तापमान मर्यादेबाहेर आहे. लिथियम-आयन बॅटरी भरण्याची मर्यादा सामान्यतः शून्य ते ४५ अंश सेल्सिअस इतकी असते. मे महिन्यांत संभाजीनगरचें दुपारचें तापमान ४० च्या वर जातें. बंद उभ्या मोटारीच्या आंत तें त्याहूनहि पुष्कळ चढतें. अशा मोटारींतून काढलेली बॅटरी तत्काळ चार्जरवर लावली, तर चार्जर नकार देतो आणि तो योग्यच असतो. तिला सावलींत तासभर निवूं द्यावें. शीतपेटींत घालून थंड करण्याचा उतावीळपणा करूं नये. बाहेर काढतांच तिच्यावर दंव जमतें आणि ओलावा धातूच्या बिंदूंवर बसतो.

आबांनीं बिंदु पुसले; खोली थंड आहे; तरी दिवा पूर्ववत् मिचकावतोच. येथें चौथा प्रश्न येतो : ही बॅटरी शेवटीं केव्हां भरली होती? घरांत कोणासच आठवत नाहीं. दोन वर्षें कॅमेरा कपाटांत होता आणि बॅटरी कॅमेऱ्यांतच होती. बंद कॅमेराहि घड्याळ वगैरेंसाठीं थेंबथेंब वीज घेत असतो. शिवाय बॅटरी आपोआपहि किंचित् झिरपते. अशा रीतीनें ती फार खालीं गेली म्हणजे राखणदार दार लावून घेतो आणि बॅटरी निद्रिस्त होते. चांगला चार्जर प्रथम अगदीं बारीक प्रवाह सोडून तिला जागविण्याचा यत्न करतो. म्हणून ती एकदां काढून, पुन्हां नीट बसवून, अर्धा-पाऊण तास नजरेसमोर तशीच ठेवावी. जागी झाली तर दिव्याची चाल बदलते. न झाली, किंवा तिचें अंग तापूं लागलें, तर नाद सोडावा. दुसऱ्या बॅटरीच्या तारा तिच्या टोकांस लावून तिला जबरदस्तीनें उठविण्याच्या युक्त्या ऐकूं येतात. त्या धोक्याच्या आहेत. फार काळ रिकाम्या राहिलेल्या सेलमध्यें तांब्याचे कण सुटून आंतल्या आंत शॉर्ट होण्याचा संभव असतो. राखणदारानें लावलेलें दार कोणी हट्टानें फोडूं नये.

या पायरीवर संशय उरला, तर पांचवा उपाय अदलाबदलीचा. शेजाऱ्यांकडे किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडे त्याच जातीची बॅटरी असेल, तर ती मागून आणावी. पण एका वेळीं एकच वस्तु बदलावी, हा नियम मोडूं नये. दुसऱ्याची भरलेली बॅटरी आपल्या कॅमेऱ्यांत चालली, तर कॅमेरा निर्दोष ठरला. तीच बॅटरी आपल्या चार्जरवर भरूं लागली, तर चार्जरहि सुटला. मग दोष आपल्या बॅटरीवर येऊन ठरतो. बॅटरी आणि चार्जर दोन्ही एकदम बदलले आणि काम झालें, तर रोग कोणता होता हें कधींच कळत नाहीं, आणि चांगली वस्तुहि केरांत जाते.

दुसऱ्याची भरलेली बॅटरी घालूनहि कॅमेरा उठत नसेल, तर सहावी कडी, म्हणजे कॅमेरा स्वतः, तपासावी. बॅटरीचें झाकण पूर्ण न लागल्यास पुष्कळ कॅमेरे मुळींच सुरू होत नाहींत, कारण त्या झाकणापाशीं एक लहान खटका असतो. स्मरणकार्ड बिघडलेलें असल्यास कॅमेरा कधीं अडून बसतो, कधीं बंद करूनहि आंतून जागाच राहून बॅटरी पितो; म्हणून कार्ड काढून एकदां सुरू करून पाहावा. भिंग बदलण्याजोगें असेल तर तें काढून, त्याचे बिंदु पुसून पुन्हां बसवावें. कॅमेरा सुरू होतो पण तारीख विसरतो, ही तक्रार मुख्य बॅटरीची नसते. घड्याळासाठीं आंत एक छोटा सेल असतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो मुख्य बॅटरीपासूनच भरतो, आणि भरलेली बॅटरी एकदोन दिवस आंत ठेवल्यास तारीख पुन्हां टिकूं लागते.

कित्येक नव्या कॅमेऱ्यांस वेगळा चार्जर नसतो. यूएसबी वायर थेट कॅमेऱ्यांत लावावी लागते. तेथें तीन गोष्टी पाहाव्या. बरेच कॅमेरे बंद ठेवल्यावरच भरतात. संगणकाच्या जुन्या यूएसबी मुखांतून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अवघी अडीच वॅट शक्ति मिळते. भरावयास रात्र लागते, किंवा कॅमेरा तेवढ्यावर भागवीतच नाहीं. आणि वायर बाहेरून धडधाकट दिसली तरी टोकाशीं वाकून आंतून तुटलेली असूं शकते. म्हणून प्रथम वायर बदलून पाहावी, तीच सर्वांत स्वस्त परीक्षा. ज्या कॅमेऱ्यांत साधे पेन्सिल सेल बसतात, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तर पुन्हां भरतां येणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा. सूचीमध्यें सेलची जात योग्य न निवडल्यास कॅमेरा भरलेल्या सेललाहि रिकामा समजतो. घड्याळांत घालावयाचे स्वस्त सेल कॅमेऱ्याचा भार पेलीत नाहींत, आणि जुने-नवे सेल एकत्र घालणें केव्हांहि वाईट.

कधीं बॅटरी भरते, पण टिकत नाहीं. येथें दोष कीं वय, हें ओळखावें लागतें. लिथियम-आयन बॅटरी साधारण तीनशें ते पांचशें वेळां पूर्ण भरून रिकामी झाली, कीं तिची धारणशक्ति मूळच्या सुमारें ऐंशी टक्क्यांवर येते; न वापरतां ठेवली तरी ती वर्षांगणिक म्हातारी होतच असते, आणि उष्णतेनें अधिक लवकर. शिल्लक अर्धी दाखवून एकाएकीं कॅमेरा बंद होणें हें वार्धक्याचें लक्षण. परंतु बॅटरी तरुण असूनहि लवकर संपत असेल, तर खर्च कोठें होतो तें पाहावें. मागील पडदा सतत उजळ ठेवणें, प्रत्येक चित्र घेतल्यावर तें न्याहाळणें, वायफाय व स्थाननोंद चालू राहणें, चलच्चित्रण करणें, यांत वीज भरपूर जाते. पडदा मंद करावा, वायफाय बंद करावें, आणि न्याहाळणें घरीं परतल्यावर करावें.

एक लक्षण मात्र असें आहे कीं तें दिसतांच सर्व परीक्षा थांबवावी. बॅटरी फुगली असेल, खांचेंत घट्ट बसूं लागली असेल, तिला गोडसर अगर उग्र वास येत असेल, तर ती भरूं नये, दाबूं नये, टोंचूं नये, उघडूं नये. आंत वायु जमलेला असतो आणि पेट घेण्याचा धोका खरा असतो. टोकांवर चिकटपट्टी लावून तिला जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावें आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावें. घरच्या केरांत टाकूं नये. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून संपलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवी घेतांना मोठमोठ्या आंकड्यांना भुलूं नये. त्याच आकारांत मूळ बॅटरीच्या दुप्पट क्षमता छापलेली असेल, तर तो आंकडाच संशयास्पद समजावा. परदेशीं परतणाऱ्या लेकीनें जादा बॅटरी विमानांत स्वतःजवळच्या पिशवींत, टोकें झांकून न्यावी. सामानाच्या कक्षांत जाणाऱ्या पेटींत ती ठेवण्यास मनाई असते.

औरंगपुऱ्यांतील त्या घरीं अखेर काय होतें? पाऊण तासाच्या आंत चार्जरचा दिवा आपली चाल बदलतो. झोंपलेली बॅटरी जागी होते. ती तापत नाहीं ना, हें आबा जेवणें आटोपेपर्यंत मधून मधून हात लावून पाहतात. रात्रीं निजण्यापूर्वीं दिवा स्थिर होतो आणि ते चार्जर काढून ठेवतात. पण दोन वर्षें रिकामी राहिलेली बॅटरी पूर्वीइतकी टिकणार नाहीं, हें ते जाणतात आणि सर्वांना तसें सांगूनहि ठेवतात. फर्दापूरच्या वाहनतळावर मोटार सोडून पुढें लेण्यांच्या बसनें जावें लागतें. तेव्हां कॅमेरा उन्हांत तापणाऱ्या मोटारींत न ठेवतां ते तो जवळच बाळगतात. लेण्यांत फ्लॅशला बंदीच आहे, कारण त्या चित्रांचे रंग जपावयाचे आहेत. त्यामुळें तेवढी वीज वांचते. पडदा मंद, वायफाय बंद. पहिल्या लेण्याच्या ओसरींत, दगडी खांबाला टेकून बसलेल्या आजींचें छायाचित्र निघतें. लेक शेजारीं बसते, तेंहि निघतें. आणखी बरींच निघतात. दुपार कलतां कलतां बॅटरी मान टाकते. पण तोंपर्यंत जें हवें होतें तें हातीं आलेलें असतें.

पुढल्या आठवड्यांत आबा नवी बॅटरी विकत घेतात. आणि ती खरेदी घाईची नसते, निदानानंतरची असते. चार्जर जुनाच राहतो, कॅमेरा जुनाच राहतो. नवी बॅटरी कपाटांत ठेवण्याची वेळ येते, तेव्हां ती पूर्ण भरून ठेवीत नाहींत आणि रिकामीहि ठेवीत नाहींत. अर्धी भरून, कॅमेऱ्याच्या बाहेर, थंड व कोरड्या जागीं ठेवतात, आणि तीन-चार महिन्यांनीं एकदां तिची शिल्लक पाहतात. आजींची पुढली सहल केव्हां ठरेल हें कोणास ठाऊक. ठरेल त्या सकाळीं कॅमेरा मात्र तयार असेल.